कंट्रोल पॅनेल: नीटनेटकं, सुरक्षित आणि परवडणारं कसं बनवायचं?



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण पॅनेल बिल्डिंगच्या धंद्याबद्दल बोललो. व्हिडिओत वेळेअभावी आकडेमोड आणि वायरिंगचे बारकावे मागे राहिले. ते इथे सविस्तर देतोय. शांतपणे वाचा, शक्यतो हातात वही-पेन घेऊन.

सुरुवात एका घटनेनं करतो. आमच्या एका बॅचमध्ये पॅनेल बनवणारे एक उद्योजक होते. चर्चा रंगली होती, प्रत्येक जण आपल्या मोठ्या ऑर्डरी सांगत होता. हे गृहस्थ बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सर, मी दिलेल्या पॅनेलमध्ये एका पोराला शॉक बसला होता."

झालं असं की, रात्रपाळीत पंप बंद पडला. मेंटेनन्सच्या फिटरनं दार उघडलं, मेन एमसीसीबी खाली केला आणि कॉन्टॅक्टर काढायला हात घातला. मेन बंद होता, पण पॅनेलमधली एक वायर जिवंत होती. वरच्या टाकीच्या लेव्हलचा सिग्नल दुसऱ्या पॅनेलमधून यायचा, तोही २३० व्होल्टवर. ही वायर बाकीच्यांसारखीच काळी होती. तिच्यावर ना नंबर होता, ना पाटी. पोरगा स्टुलावरून मागे फेकला गेला. खांद्यावर निभावलं.

"कंपनीवाले मला काहीच बोलले नाहीत," ते म्हणाले. "उलट फिटरलाच रागावले, की टेस्टर का लावला नाहीस. पण मला माहीत होतं. वायर मीच ओढली होती."

मित्रांनो, आजचा सगळा धडा या एका वाक्यात आहे. पॅनेल तुमच्या वर्कशॉपमधून बाहेर पडलं की पुढची पंधरा-वीस वर्षं ते दुसरंच कोणीतरी उघडणार आहे. रात्री, घाईत, टॉर्चच्या उजेडात. तेव्हा तुम्ही तिथे नसता. तिथे असते ती फक्त तुमची वायरिंग, तुमचे नंबर आणि तुमचं ड्रॉइंग. नीटनेटकं काम हे फोटोसाठी नसतं, त्या माणसासाठी असतं.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. समजा, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीला कूलिंगच्या पाण्यासाठी पॅनेल हवंय. १० एचपीचे दोन पंप, एक चालू आणि एक राखीव, गरज पडली तर दोन्ही एकदम. स्टार-डेल्टा स्टार्टर. टाकीच्या लेव्हलवर ऑटो-मॅन्युअल.

१. आधी कागद, मग पत्रा

आपल्याकडे बऱ्याचदा फोनवर ऑर्डर येते. "दोन पंपांचं पॅनेल आहे, दहा-दहा एचपी, रेट सांगा." आणि आपण रेट सांगून मोकळे होतो. इथेच अर्धा धंदा तोट्यात जातो. रेट सांगायच्या आधी हे प्रश्न विचाराच:

मोटरच्या नेमप्लेटचा फोटो मिळेल का? पॅनेल कुठे बसणार: आत, शेडखाली की उघड्यावर? भिंतीवर की जमिनीवर? केबल वरून येणार की खालून? पॅनेल ट्रान्सफॉर्मरपासून किती लांब आहे, आणि ट्रान्सफॉर्मर किती केव्हीएचा? दुसऱ्या कुठल्या पॅनेलमधून सिग्नल येणार आहे का? आणि आला तर किती व्होल्टचा?

शेवटचा प्रश्न विसरला गेला म्हणूनच वरची घटना घडली.

उत्तरं मिळाली की चार कागद तयार करा. सिंगल लाइन डायग्राम, कंट्रोल डायग्राम, मांडणीचं ड्रॉइंग आणि साहित्याची यादी. त्यातच टर्मिनलचा तक्ता जोडा: कोणत्या नंबरच्या टर्मिनलवर बाहेरची कोणती वायर येणार. पार्टीची सही घेतल्याशिवाय पत्रा कापायचा नाही. "अहो साहेब, एवढ्याशा पॅनेलला ड्रॉइंग कशाला?" असं पार्टीच म्हणेल. तेव्हा सांगा, "साहेब, रात्री पंप बंद पडला तर तुमच्या माणसाला मला फोन करावा लागू नये म्हणून."

२. साहित्य निवडताना आकडे मांडा

१० एचपी म्हणजे साधारण ७.५ किलोवॅट. ४१५ व्होल्टवर अशी मोटर पूर्ण लोडला साधारण १४.५ अँपिअर घेते. नेमप्लेटवरचा आकडा नेहमी शेवटचा मानायचा.

स्टार-डेल्टामध्ये मेन आणि डेल्टा हे दोन कॉन्टॅक्टर लाइन करंटच्या ५८ टक्के करंट वाहतात, म्हणजे १४.५ × ०.५८ = ८.४ अँपिअर. स्टार कॉन्टॅक्टर ३३ टक्के. कॉन्टॅक्टर घेताना त्याचं रेटिंग एसी-३ मध्ये पाहा. एकाच कॉन्टॅक्टरवर एसी-१ चा आकडा मोठा आणि एसी-३ चा लहान छापलेला असतो. एसी-१ हीटरसारख्या लोडसाठी असतो, मोटरसाठी एसी-३. दुकानदारानं मोठा आकडा दाखवला म्हणून फसू नका.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. ओव्हरलोड रिले मेन कॉन्टॅक्टरच्या खाली, म्हणजे मोटरच्या वाइंडिंगच्या फेज करंटवर बसवला असेल, तर त्याची सेटिंग ८.४ अँपिअर हवी. बरेच जण नेमप्लेट वाचून १४.५ लावतात. मग काय होतं? रिले ट्रिप व्हायला लाइनमध्ये १४.५ ÷ ०.५८ = २५ अँपिअर जावे लागतात. तोपर्यंत मोटर जळालेली असते. पार्टी म्हणते, "तुमचा रिले चालला नाही." रिले चांगलाच होता, सेटिंग चुकलं होतं. म्हणून रिलेशेजारी छोटी पाटी लावा: "सेटिंग ८.४ अँपिअर, बदलू नये."

स्टार आणि डेल्टा हे दोन कॉन्टॅक्टर एकाच वेळी कधीही ओढले जाता कामा नयेत. दोन्ही एकदम लागले की तिन्ही फेज थेट शॉर्ट होतात. एकमेकांच्या कॉइलमध्ये एनसी कॉन्टॅक्टचा इंटरलॉक द्याच, आणि मेकॅनिकल इंटरलॉकही बसवा. दोन्ही. पाचशे-सातशे रुपये वाचवायची ही जागा नव्हे.

मेनसाठी दोन्ही पंपांचे २९ अँपिअर धरून ५० अँपिअरचा एमसीसीबी चालेल. पण अँपिअरसोबत त्याची शॉर्ट सर्किट तोडायची क्षमता, म्हणजे केए रेटिंग, पाहायला विसरू नका. समजा, फाउंड्रीचा ट्रान्सफॉर्मर ५०० केव्हीएचा आहे आणि त्याचा इम्पिडन्स ४.५ टक्के. त्याचा पूर्ण लोड करंट साधारण ६९५ अँपिअर. ६९५ ÷ ०.०४५ = साधारण १५,४०० अँपिअर. म्हणजे ट्रान्सफॉर्मरजवळ शॉर्ट झालं तर १५ किलोअँपिअरपर्यंत करंट येऊ शकतो. तिथे १० केएचा ब्रेकर मेनला लावला तर तो शॉर्ट तोडताना स्वतःच फुटू शकतो. लांब केबलच्या टोकाला हा आकडा कमी होतो, म्हणून अंतर विचारायचं.

ब्रेकर, कॉन्टॅक्टर आणि रिले शक्यतो एकाच कंपनीचे घ्या आणि त्या कंपनीचा टाइप-२ कोऑर्डिनेशनचा तक्ता वापरा. टाइप-१ मध्ये शॉर्ट सर्किटनंतर माणसाला धोका होत नाही, पण स्टार्टर बदलावा लागू शकतो. टाइप-२ मध्ये कॉन्टॅक्टरचे पॉइंट थोडे चिकटले तरी सोडवून तोच स्टार्टर पुन्हा वापरता येतो. दर देताना यातलं काय देताय ते लिहा.

३. पेटी आणि मांडणी

फाउंड्रीत धूळ भरपूर, त्यात लोखंडाचे कण. म्हणून पेटी किमान आयपी ५४ घ्या. पहिला आकडा धुळीसाठी, दुसरा पाण्यासाठी. पाण्याचे फवारे थेट येणार असतील तर आयपी ५५ किंवा त्याहून वरची. पण लक्षात ठेवा, पेटी आयपी ५४ ची असली आणि तुम्ही ग्लँड प्लेटला भोक पाडून केबल तशीच आत सोडली, तर ते पॅनेल आयपी ५४ राहत नाही. प्रत्येक केबलला ग्लँड, आणि रिकाम्या भोकाला प्लग.

मांडणी करताना पुढचे नियम पाळा.

पॉवर एका बाजूला, कंट्रोल दुसऱ्या बाजूला. आपल्या उदाहरणात मेन एमसीसीबी वर डावीकडे, त्याखाली दोन्ही स्टार्टर दोन ओळींत, कंट्रोल ट्रान्सफॉर्मर आणि रिले उजवीकडे, आणि टर्मिनल सगळ्यात खाली, कारण केबल खालून येतायत. मेनच्या वरच्या टर्मिनलवर पारदर्शक शीटचं झाकण लावाच. मेन बंद केला तरी ते टर्मिनल जिवंत असतात.

पंप १ चं सगळं एका ओळीत, पंप २ चं दुसऱ्या ओळीत, आणि दोन्ही ओळी अगदी सारख्या. पंप १ ची ओळ समजली की फिटरला पंप २ ची आपोआप समजते.

टर्मिनल आणि ग्लँड प्लेट यांच्यात केबल वळवायला पुरेशी जागा सोडा. ड्रॉइंगमध्ये सुंदर दिसणारं पॅनेल साइटवर इथेच अडकतं. चार कोअरची आर्मर्ड केबल रबरासारखी वळत नाही.

२० ते २५ टक्के जागा आणि तेवढेच टर्मिनल मोकळे ठेवा. पार्टी सहा महिन्यांत "अजून एक छोटा पंप जोडायचाय" म्हणणारच आहे. तेव्हा जागा असेल तर ते काम तुम्हालाच मिळेल.

मेन स्विचची मूठ जमिनीपासून ०.६ ते १.९ मीटरच्या दरम्यान यावी. पॅनेल भिंतीवर किती उंचीवर टांगायचं हे ड्रॉइंगवर लिहून द्या. नाहीतर साइटवाले जागा मिळेल तिथे ठोकतात आणि मग स्टूल लागतं.

४. गरमीचा हिशेब

कॉन्टॅक्टरच्या पॅनेलमध्ये उष्णता फार नसते. पण उद्या पार्टी म्हणाली, "स्टार-डेल्टा नको, ड्राइव्ह टाका", तर?

ड्राइव्हच्या क्षमतेच्या साधारण ३ टक्के ऊर्जा उष्णता म्हणून बाहेर पडते. ७.५ किलोवॅटच्या एका ड्राइव्हची २२५ वॉट, दोघांची ४५० वॉट. आता पेटी समजा १००० उंच, ८०० रुंद, ३०० मिमी खोल आणि भिंतीवर बसलेली. मागची बाजू आणि तळ सोडून पुढची, दोन्ही कडांची आणि वरची मिळून साधारण १.६ चौरस मीटर. रंग दिलेला पत्रा दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला साधारण ५.५ वॉट उष्णता बाहेर टाकतो. आत बाहेरपेक्षा १० अंश जास्त चालेल असं धरलं तर ५.५ × १.६ × १० = ८८ वॉट.

तयार होतात ४५०, बाहेर जातात ८८. उरलेल्या ३६२ वॉटसाठी पंखा हवा. सूत्र सोपं आहे: ३.१ × वॉट ÷ तापमानातला फरक. म्हणजे ३.१ × ३६२ ÷ १० = साधारण ११२ घनमीटर तासाला. फिल्टर धुळीनं भरतो, म्हणून दीडपट क्षमतेचा पंखा घ्या. उन्हाळ्यात शेडमध्ये ४० अंश असेल तर आत ५० होणार. त्या तापमानाला ड्राइव्ह पूर्ण क्षमता देतो का, हे त्याच्या माहितीपत्रकात पाहा. पंखा फिल्टरसहित आणि आयपी ५४ चाच घ्या. आणि पार्टीला लिहून द्या की फिल्टर साफ करायचा आहे. ड्राइव्हच्या वर-खाली कंपनीनं सांगितलेली मोकळी जागा सोडा. तिथे वायरचा चॅनेल घुसवू नका.

५. वायरिंग: इथेच कारागीर ओळखू येतो

रंग ठरवा आणि ते ड्रॉइंगच्या पहिल्या पानावर लिहा. पॉवरला आपल्याकडे लाल-पिवळा-निळा, न्यूट्रल काळा आणि अर्थ हिरवा-पिवळा, ही जुनी सवय आहे. यंत्रांच्या आंतरराष्ट्रीय मानकात, म्हणजे आयईसी ६०२०४-१ मध्ये, एसी कंट्रोलला लाल, डीसी कंट्रोलला निळा, आणि मेन बंद केल्यावरही जिवंत राहणाऱ्या वायरला नारंगी रंग सांगितलाय. हा नारंगी रंग आजपासून तुमच्या वर्कशॉपमध्ये आलाच पाहिजे. बाकीच्या रंगांबाबत पार्टीची पद्धत विचारा. पण हिरवा-पिवळा फक्त अर्थसाठी. "वायर संपली म्हणून हिरवी वापरली" हे कारण चालणार नाही.

दिव्यांचंही असंच. स्विचगिअरच्या जुन्या पद्धतीत लाल दिवा म्हणजे चालू आणि हिरवा म्हणजे बंद. यंत्रांच्या पद्धतीत लाल म्हणजे धोका आणि हिरवा म्हणजे सगळं ठीक. दोन्ही पद्धती एकाच कारखान्यात असल्या की गोंधळ ठरलेला. विचारा, ठरवा आणि दिव्याखाली मराठीत पाटी लावा: "पंप १ चालू", "पंप १ ट्रिप".

प्रत्येक वायरच्या दोन्ही टोकांना फेरूल हवाच. नंबर ड्रॉइंगमधलाच. वायर जोडायच्या आधी फेरूल घालायचा, नंतर हातानं लिहायचं नाही. मार्करनं लिहिलेला नंबर गरमीत आणि तेलकट हातांनी दोन वर्षांत पुसला जातो.

बहुतारी वायरला लग किंवा पिन लावल्याशिवाय टर्मिनलमध्ये घालू नका. लग वायरच्या मापाचाच, आणि योग्य क्रिम्पिंग टूलनंच दाबायचा. पक्कडनं दाबलेला लग वरून ठीक दिसतो, आत सैल असतो. सैल जोड गरम होतो, गरम झाला की आणखी सैल होतो. पॅनेल जळाल्यावर दोष ब्रेकरला देतात, पण आग बऱ्याचदा अशा एका सैल जोडातून लागलेली असते. क्रिम्प झाल्यावर प्रत्येक वायर ओढून पाहा. सुटली तर वर्कशॉपमध्येच सुटू दे.

एका टर्मिनलमध्ये एकच वायर. दोन घालायच्याच असतील तर टर्मिनल त्यासाठी बनवलेला हवा किंवा जुळा पिन लग वापरा. लूपिंगसाठी जंपर असलेले टर्मिनल घ्या.

चॅनेल ६०-७० टक्क्यांपेक्षा जास्त भरू नका. झाकण दाबून बसवावं लागत असेल तर चॅनेल लहान घेतलाय असं समजा. दारावर जाणाऱ्या वायर स्पायरल स्लीव्हमधून न्या, बिजागरीच्या बाजूला मोकळा लूप सोडा आणि दोन्ही टोकांना बांधा. दार पूर्ण उघडून-मिटून पाहा, वायर कुठे चिमटते का.

ड्राइव्ह असेल तर त्याची मोटरकडे जाणारी केबल शील्ड असलेली घ्या आणि सेन्सर-सिग्नलच्या वायरपासून लांब ठेवा. छेदणं टळत नसेल तर काटकोनात छेदा.

६. सुरक्षा: पाच जागा, जिथे तडजोड नाही

पहिली, बाहेरून येणारी वीज. आपल्या उदाहरणात लेव्हलचा सिग्नल दुसऱ्या पॅनेलमधून येतोय. पार्टीला सांगा, "आम्हाला व्होल्टेज नको, पोटेन्शियल-फ्री कॉन्टॅक्ट द्या." मग वीज आपल्या पॅनेलमधून जाईल आणि आपला मेन बंद केला की तीही बंद होईल. पण थांबा! आता आपली वीज *त्यांच्या* पॅनेलमध्ये गेली. त्यांच्या फिटरसाठी तोच धोका तयार झाला. म्हणून असा सिग्नल २४ व्होल्ट डीसीवर घ्या, आणि तो बनवणारा एसएमपीएस सुरक्षितपणे वेगळा केलेला हवा. २३० व्होल्टच येणार असतील आणि दुसरा इलाजच नसेल तर नारंगी वायर, वेगळे उघडता येणारे टर्मिनल, त्यावर झाकण, आणि दाराच्या आत मोठी पाटी: "मेन बंद केला तरी टर्मिनल ४१-४२ वर २३० व्होल्ट असतात."

दुसरी, कंट्रोल सर्किट. कंट्रोल ट्रान्सफॉर्मर वापरला की त्याच्या सेकंडरीचं एक टोक अर्थ करा. सगळ्या कॉइलची एक बाजू, म्हणजे ए-२, थेट त्या अर्थ केलेल्या टोकाला. सगळे कॉन्टॅक्ट, बटणं आणि एमसीबी दुसऱ्या बाजूला. कारण समजून घ्या. समजा कोणी उलटं केलं, बटण कॉइल आणि अर्थ केलेल्या टोकाच्या मध्ये बसवलं. आता बटणाकडे जाणारी वायर कुठेतरी सोलली आणि पत्र्याला टेकली. सर्किट पत्र्यातून पूर्ण झालं आणि कोणी बटण न दाबताच मोटर सुरू! बरोबर जोडणीत हाच फॉल्ट झाला तर एमसीबी उडतो आणि मोटर थांबते. तीच वायर, तोच फॉल्ट, फक्त जागा बदलली.

तिसरी, इमर्जन्सी स्टॉप. लाल मश्रूम, मागे पिवळं, दाबल्यावर अडकून राहणारं, आणि एनसी कॉन्टॅक्टचं. एनसी एवढ्यासाठी की वायर तुटली तरी मोटर थांबलीच पाहिजे. बटण सोडवल्यावर मोटर आपोआप सुरू होता कामा नये. आपल्या पॅनेलमध्ये ऑटो मोड आहे, म्हणजे लेव्हल कमी असेल तर बटण सोडवताच पंप फिरेल. म्हणून वेगळा रिले आणि रीसेटचं बटण द्या. लाइट जाऊन आल्यावर ऑटोमध्ये पंप स्वतः सुरू होणारच असेल, तर पंपाजवळ पाटी हवी: "ही मोटर कधीही आपोआप सुरू होऊ शकते." आणि दोन्ही पंप एकदम उठू नयेत म्हणून दुसऱ्याला टायमर द्या.

चौथी, अर्थिंग. पेटी, माउंटिंग प्लेट, ग्लँड प्लेट आणि दार, प्रत्येकाला वेगळी अर्थ वायर. बिजागरीवर विसंबू नका, पावडर कोटिंग वीज वाहत नाही. बोल्टखाली रंग खरवडा किंवा दातेरी वॉशर घाला. अर्थ वायरचं माप: फेजची वायर १६ चौ. मिमीपर्यंत असेल तर तेवढीच, १६ ते ३५ ला १६, आणि त्यापुढे निम्मी.

पाचवी, सीटी. अँमीटरसाठी सीटी वापरला असेल तर लोड चालू असताना त्याची सेकंडरी उघडी पडता कामा नये. तिथे धोकादायक व्होल्टेज तयार होतं. सीटीसाठी शॉर्ट करता येणारे खास टर्मिनल वापरा आणि सीटीच्या सेकंडरीत फ्यूज घालू नका.

७. पाठवण्याआधीची तपासणी

पुढचा क्रम छापून भिंतीवर लावा.

१. ड्रॉइंग हातात घेऊन साहित्य, रेटिंग आणि पाट्या तपासा.
२. सगळे स्क्रू कंपनीनं सांगितलेल्या टॉर्कला घट्ट करा आणि मार्करची रेघ ओढा. ती रेघ पुढे हलली तर डोळ्यांनी कळतं.
३. ड्रॉइंगप्रमाणे एकेक वायर बझरनं तपासा. ज्यानं वायरिंग केलं त्यानं नव्हे, दुसऱ्यानं.
४. दार, प्लेट आणि पेटीपासून अर्थ बारपर्यंतचा रोध मोजा. आयईसी ६१४३९ प्रमाणे तो ०.१ ओहमच्या वर नको, आणि तो किमान १० अँपिअर सोडून मोजायचा असतो. साध्या मल्टिमीटरवर त्याचा भरवसा येत नाही.
५. ५०० व्होल्टचा मेगर. १ मेगाओहमच्या खाली आला तर थांबा, नव्या पॅनेलला तर त्याहून खूप जास्त यायला हवा. मेगरच्या आधी ड्राइव्ह, एसएमपीएस आणि सर्ज प्रोटेक्टर सोडवा, नाहीतर ते जातील.
६. मोटर न जोडता फक्त कंट्रोल चालवा. फ्लोटचे टर्मिनल शॉर्ट करून, ओव्हरलोडचं टेस्ट बटण दाबून आणि इमर्जन्सी दाबून-सोडवून पाहा. स्टार असताना डेल्टा ओढला जातो का, तेही.
७. मग छोटी मोटर जोडून फेजची दिशा आणि टायमर तपासा.
८. सगळं तारखेसह लिहा, फोटो काढा, ड्रॉइंगची एक प्रत प्लास्टिकच्या पाकिटात दाराच्या आत ठेवा.

टेस्टिंगचं काम एकट्यानं करायचं नाही. पायाखाली रबर मॅट हवीच. आणि वीज नाही हे पाहायला नुसता टेस्टर पुरेसा नाही. दोन टोकांचा व्होल्टेज टेस्टर किंवा मल्टिमीटर आधी जिवंत जागेवर लावा, मग कामाच्या जागेवर, मग पुन्हा जिवंत जागेवर. मधे मीटरच बंद पडला नाही ना, हे असं कळतं. साइटवरची जोडणी मात्र परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायची.

८. हे सगळं परवडतं का?

आता धंद्याचं बोलू. "सर, एवढं केलं तर रेट वाढतो आणि ऑर्डर जाते." बघू या. खालचे आकडे निव्वळ उदाहरणाचे आहेत, तुम्ही तुमचे घाला.

साहित्य ४०,००० रुपये. लग, फेरूल, चॅनेल, टाय, पाट्या २,५००. मजुरी ६,०००. ड्रॉइंग आणि टेस्टिंग २,५००. वाहतूक १,०००. वॉरंटीसाठी राखीव १,५००. भाडं आणि वीजबिलाचा वाटा २,५००. एकूण ५६,०००.

बरेच जण फक्त साहित्य आणि मजुरी धरून रेट देतात. म्हणजे त्यांच्या हिशेबात १०,००० रुपये दिसतच नाहीत, पण खिशातून जातात. दुसरी चूक: २० टक्के नफा हवा म्हणून ५६,००० वर २० टक्के लावून ६७,२०० सांगतात. विक्रीवर २० टक्के नफा हवा असेल तर ५६,००० ÷ ०.८ = ७०,००० सांगायला हवे. फरक २,८०० रुपयांचा, प्रत्येक पॅनेलमागे.

आता फेरूल, लग आणि अर्ध्या दिवसाची मजुरी वाचवली तर फार तर दोन हजार वाचतील. पण पुण्याहून कोल्हापूरला एक फेरी मारावी लागली, तर गाडीभाडं, टोल, दोन माणसांचा दिवस आणि वर्कशॉपमधलं थांबलेलं काम धरून किती जातात, तुम्हीच लिहा. शिवाय अडकलेलं बिल वेगळंच.

बिलावरून आठवलं. उद्यम नोंदणी केली नसेल तर करा. एमएसएमईडी कायदा २००६ प्रमाणे सूक्ष्म आणि लघु उद्योगाचं बिल लेखी करारातही ४५ दिवसांपलीकडे लांबवता येत नाही. त्यासाठी सही केलेलं ड्रॉइंग, टेस्ट रिपोर्ट आणि माल पोचल्याची तारीख असलेली पावती तुमच्याकडे हवी. नीट कागद इथेही कामाला येतात.

या आठवड्याचा गृहपाठ

तुम्ही शेवटचं दिलेलं पॅनेल आठवा. शक्य असेल तर साइटवर जा, परवानगी घेऊन दार उघडा. (जिवंत भागाला हात न लावता!) तीन गोष्टी पाहा. मेन बंद केल्यावर आत काय जिवंत राहतं आणि ते वाचता येतं का? ओव्हरलोडची सेटिंग बरोबर आहे का? ड्रॉइंग पाकिटात आहे का? चूक सापडली तर लाजू नका, स्वखर्चानं दुरुस्त करून या. अशी दुरुस्ती केलेल्या माणसाला पार्टी सहसा सोडत नाही.

सुरुवातीला ज्यांच्याबद्दल सांगितलं, त्या उद्योजकांनी पुढे काय केलं माहितीये? त्यांनी जुन्या बिलांची फाइल काढली आणि बाहेरून सिग्नल घेतलेली सगळी पॅनेल शोधली. मग नारंगी वायरचं एक बंडल आणि पाट्या गाडीत टाकून एकेक साइट फिरून आले. कोणाकडून एक रुपयाही घेतला नाही. मी विचारलं, "किती खर्च आला?"

ते म्हणाले, "तो मोजला नाही, सर. आता रात्री फोन वाजला की छातीत धस्स होत नाही, एवढं खरं."

तुमच्या पॅनेलमध्ये काय सापडलं ते जरूर कळवा. पुढच्या भागात याच पॅनेलचं कोटेशन ओळीनं कसं लिहायचं ते पाहू. तोवर काम जपून करा, आणि मेन बंद केल्यावरही एकदा मीटर लावून बघा.